तीन गिअर मागे, एक पुढे

बाबा,

चैत्र शुद्ध तृतीया, सकाळी पावणेदहा, माझ्या हायर सेकंडरीच्या वर्षीची. त्या वेळी छत्रीबागेतल्या आपल्या शेडसमोर चहाचा ट्रे घेऊन मी उभी होते, आणि तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तुमच्या मास्तर-मित्राला सांगितलंत, "डोकं खाजवलं खूप, मग लक्षात आलं माझ्या." हा धादांत खोटेपणा होता. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली तरी मी तो माफ केलेला नाही.

गाडी तुम्ही आईसाठी बांधत होतात. पुढच्या इंजिनानं तिचे पाय भाजायचे, म्हणून इंजिन मागे न्यायचं. भंगारात तुम्हाला एका विलायती मोटारीचा गिअरबॉक्स मिळाला. त्या मोटारीत इंजिन पुढे होतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढायची. तुम्ही इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून अख्खी जोडी तोंड फिरवून मागच्या चाकांशी बसवलीत. मी शाळेचा युनिफॉर्म न बदलता शेडमध्ये यायचे आणि इंग्रजी मॅन्युअल वाचून दाखवायचे. शाळेतल्या नन्सकडून उचललेले माझे उच्चार ऐकून तुम्ही म्हणायचात, "मेमसाहेब, जरा आमच्या मराठीत." अजून दिसतं मला. तुम्ही गाडीखाली आहात, चपला तेवढ्या बाहेर. एक काळा हात पुढे येतो आणि मी न विचारता हवा तो पाना त्यात ठेवते. मी कधी चुकीचा पाना दिल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मागची चाकं जॅकवर होती. पहिला गिअर टाकून तुम्ही इंजिन हातानं फिरवत होतात. मी म्हटलं, "बाबा, चाक मागे फिरतंय."

"तू पलीकडून बघते आहेस. उलटं दिसणारच."

"मागे ते कुठूनही मागेच दिसतं."

"जा, आईला चक्का बांधायला मदत कर."

पाडव्याला हार घातला, नारळ फोडला, आईला पुढच्या सीटवर बसवलं. पहिला गिअर पडला आणि गाडी ऐटीत मागे जाऊन शेडच्या दाराला टेकली. दुसरा, तिसरा, तेच. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठे पुढे सरकली. समोरचे हलवाईकाका म्हणाले, "भिया, तीन गिअर पीछे के, एक आगे का. सरकारी मोटर बनाई क्या?" सगळी गल्ली हसली. आई आतून म्हणाली, "माझे पाय मात्र गार आहेत हो."

तुम्ही जेवला नाहीत. उन्हं उतरल्यावर ऑइल काढून बॉक्स उघडलात. मी शेजारी बसून, चाकं फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्रावर बोट ठेवून म्हटलं, "जोडी फिरवली, म्हणून चाकं उलटी. हे क्राउन व्हील या छोट्या पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवलं तर?" तुम्ही दिवा माझ्याकडे सरकवलात. दुसरा अख्खा दिवस आपण दोघं ते दात जुळवत होतो. एकदा तुमच्या कोपराचं ग्रीस माझ्या वेणीला लागलं आणि तुम्ही ते धोतराच्या सोग्यानं पुसलंत. तसा दिवस मला पुन्हा मिळाला नाही.

आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुढे गेली. मास्तर बघायला आले. मला त्यांच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. "पोरीला आधी दिसलं," एवढं पुरलं असतं. त्यांनी तर विचारलंसुद्धा, "ही काय करणार पुढे?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "इंग्रजी छान आहे तिचं."

तेच शिकवत जन्म गेला. चांगलं शिकवलं, पोरी चळचळा कापायच्या. आता विजय नगरच्या फ्लॅटमध्ये खाली कुणाचा गिअर कुरकुरला की मी गॅलरीत जाते. क्लच पूर्ण दाबत नाहीत मेले. हे ज्याला सांगावं असा माणूस या शहरात उरलेला नाही.

टपालात टाकणार नाही हे पत्र. तेवढी अक्कल शाबूत आहे. तरी बजावते, सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी उत्तर हवं. कबुली नसली तरी चालेल, बाबा. मी चुकले असं लिहिलंत तरी चालेल. फक्त तुमच्या हातचं असू द्या.