आईच्या अक्षरातली पत्रं

मंगळवार, ३ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझी बोट सध्या कुठल्या बंदरात आहे ठाऊक नाही, म्हणून कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर आमचा नवा पत्ता बघून दचकू नकोस. मार्गदर्शकांचा निवास सोडून आम्हा दोघींना तीन आठवडे झाले. एका दुकानावर खोली मिळाली आहे. खिडकी एकच, पण ऊन चांगलं येतं. मला एका वकिलाकडे टायपिंगचं काम लागलंय. आई दोन वेळा नीट जेवते.

गेल्या पत्रात तू विचारलं होतंस, "ताई, आई जोडाक्षरं इतकी नीट कधीपासून लिहायला लागली?" तेव्हा मला तुझा संताप आला होता. तिथे तुला काय म्हणायचे सांगू? 'मागचा'. घरच्या माणसांना 'मागचे' म्हणतात. 'घर' म्हणजे निवास, आणि 'भाऊ' म्हणजे शेजारच्या चटईवरचा कुणीही. मागच्याने काही विचारलं, तर तो प्रश्न नसतोच. ती 'ओढ' असते. ओढीला उत्तर द्यायचं नसतं.

आईच्या नावाने तुला यायची ती पत्रं मी लिहीत होते, बारक्या. मला पत्रविभागात घेतलं होतं, हे तुला कधी कळवलं नाही. आईचं अक्षर मला हुबेहूब जमतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर तिची सही कोण ठोकायचं, आठवतंय ना?

आई म्हणायची, "लिही, मला घरी जायचंय." मी लिहायचे, "मी घरी आहे." शप्पथ, मला ते खोटं वाटत नव्हतं. मार्गदर्शक सांगायचे, माणूस बोलतो तो त्याचा थकवा बोलतो. आपण त्याच्या मनातलं खरं लिहायचं. "मी विश्रांती घेते आहे" असं तुला कितीतरी पत्रांत आलं असेल. वाचून तुला बरंही वाटलं असेल. विश्रांती म्हणजे रस्त्यापलीकडच्या इमारतीतली खोली. कडी बाहेरून. जो फार विचारतो तो 'दमला', मग त्याला तिकडे नेतात. आई सहा वेळा दमली.

बाबा गेल्यावर तिला तिथे नेलं मीच. ती नको म्हणत होती.

आता तिच्या डोळ्यांचं. हे लिहायचं मी दोन दिवस टाळते आहे.

काचबिंदूचे थेंब तुला माहीतच आहेत. तिथे औषधाला 'कुबडी' म्हणतात. सभेत एकेक जण उठून "मी कुबडी टाकली" म्हणतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. आई काही उठेना. मग तिच्या पिशवीतली बाटली मी काढून घेतली आणि तिच्या वतीने मीच उठले. केवढ्या टाळ्या पडल्या! मला बरं वाटलं, बारक्या. फार बरं वाटलं.

गेल्या महिन्यात तुला लिहायला बसलो, तेव्हा आई म्हणाली, "लिही, मला दिसत नाही." सवयीने माझा हात चालला, "मार्गदर्शकांच्या कृपेने मला आता सगळं स्वच्छ दिसतं आणि मन शांत आहे."

"काय लिहिलंस?"

"तू म्हणालीस तेच."

"मी तीन शब्द बोलले. तुझं पेन एवढा वेळ कशाला खरखरत होतं गं?"

ओढ, थकवा, कुबडी, सगळे शब्द जिभेवर आले. तिच्या तोंडाकडे बघून एकही उच्चारता येईना. "थेंब मी फेकले, आई," एवढंच म्हणाले.

"ठाऊक आहे. माझ्या पिशवीत दुसरं कोण हात घालणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात धरून फाटकाशी गेले. पहारेकऱ्याने हटकलं, "कुठे?"

"आई दमलीये. विश्रांतीला नेते."

त्याने मान डोलावून फाटक उघडलं. रस्ता ओलांडला आणि त्या इमारतीवरून तशाच पुढे चालत राहिलो. वळणावर बस मिळाली.

डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड-सावली कळते, तेवढं टिकवायचं. आई मला थेंब घालू देत नाही. खालच्या दुकानातल्या शिंपीणबाई येऊन घालतात. आधी बाटलीवरचं नाव त्यांच्याकडून वाचून घेते, मगच मान मागे टाकते. मी चहा दिला तरी हुंगून बघते. भांडत नाही, टोमणा मारत नाही, नुसती तपासते. निवासातले दोघे येऊन दाराबाहेरून "ताई, तुमची काळजी वाटते" म्हणत होते, तेव्हाही ती मला विचारत होती, "तूच बोलावलंस का?" मी दार उघडलं नाही, हेसुद्धा तिने कडी चाचपून पाहिलं.

बुधवार

वरचं काल लिहिलं. आज आईने शिंपीणबाईंना वर बोलावून हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावलं. मला जिन्यात बसवलं होतं. टाळ्यांपाशी बाई अडखळल्या, तशी आई म्हणाली, "थांबू नका, वाचा."

मग मला आत बोलावलं. म्हणाली, "पाठव. आणि त्याला सांग, कुणाच्याही लिहिण्यावर जाऊ नकोस, हिच्यासुद्धा. ये आणि माझ्याशी बोल."

तर ये, बारक्या. तू आलास की मी जिन्यात बसेन.

तुझी,
ताई