खिळ्यावरची रोटी

१२ ऑक्टोबर, बुखारा

पोहोचले एकदाची. हॉटेल पाहून जीव हरखला, आणि हॉटेलांवर लिहून पोट भरणाऱ्या बाईचा जीव सहसा हरखत नाही. जिथे जावं तिथे तोच राखाडी रंग, त्याच पाठ मोडणाऱ्या खुर्च्या. इथे मात्र कुणीतरी डोकं वापरलंय. हाताने लिंपलेल्या पांढऱ्या भिंती, खिडकीत बसता येईल एवढा रुंद कट्टा, आणि दिव्याचं बटण चक्क अंथरुणातून हाताला येतं.

भोजनगृहाच्या भिंतीपाशी मात्र पाय थबकले. पितळी खिळ्यांना वाळक्या रोट्या टांगल्यात, प्रत्येकीचा एकच घास घेतलेला. माझी चाळिशी उलटली, तरी काल आईने दारात अडवून मला असाच घास घ्यायला लावला. उरलेली रोटी आता आमच्या ताश्कंदच्या स्वयंपाकघरात लटकत असेल. मी परत जाऊन संपवेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही.

या भिंतीवरच्या रोट्या न परतलेल्या माणसांच्या. मालक बहराम अकांनी, सगळ्यांच्या या थोरल्या भावाने, त्या पाडायला काढलेल्या घरांमधून गोळा केल्या आणि प्रत्येकीखाली नाव लावलं. एकीखाली लिहिलंय, गिजदुवानचा हमरो, पलटणीत गेला. अका म्हणाले, मी आणल्या नसत्या तर कोंबड्यांनी टिपल्या असत्या. मी हसले. मग जरा अवघडल्यासारखं झालं.

१३ ऑक्टोबर

मासिकासाठी भिंतीचा फोटो घेत होते. हमरोच्या शेजारचा खिळा रिकामा होता. अका म्हणाले, माणसाशिवाय फोटो मेलेला दिसतो, तुम्हीच एक घास घ्या आणि टांगा. तंदूरमधून नुकतीच काढलेली रोटी, वर तीळ. मी घास घेतला. फोटो झकास आला.

दुपारी आईला फोनवर सांगितलं, तर तिने मला फैलावरच घेतलं. म्हणाली, अगं बये, घरात एक टांगलेली असताना दुसरीकडे कशाला तोंड लावलंस? माणूस परत यायचा तो एकाच घरी येतो ना? मी म्हटलं, आई, फोटोपुरतं होतं गं. ती म्हणाली, रोटीला फोटो कळत नाही. उद्या ये मुकाट्याने, पुलाव करते.

१४ ऑक्टोबर

गाडी चुकली. टॅक्सीत डोळा लागला आणि जाग आली ती हॉटेलच्याच दारात. ड्रायव्हरवर भडकले. तो बिचारा म्हणाला, ताई, तुम्हीच म्हणालात ना, मला घरी ने.

मी घरी म्हटलं असेन. पण मग त्याने इथे का आणलं?

हमरोची रोटी भिंतीवर नाही. खाली चुरा सांडलाय. अका म्हणतात उंदीर असतील.

१५ ऑक्टोबर

आज पायी निघाले. मुद्दाम, डोळे उघडे ठेवून. स्टेशन दिसलं, फलाट दिसला, डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. पाय टेकला तो या भोजनगृहाच्या फरशीवर.

आईला फोन लावला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, आई, मी मुअत्तर. ती म्हणाली, बाई, म्हातारीची थट्टा करू नका. माझी मुअत्तर कालच आली. आतल्या खोलीत झोपलीय.

म्हणाली, उपाशी आली हो पोर. खिळ्यावरची रोटी काढून उभ्याउभ्याच खाल्ली, पलटणीतल्या पोरांसारखी. कणही ठेवला नाही. नाहीतर हिची नाटकं किती, कडा म्हणून कधी खायची नाही.

मी ओरडले, आई, ती मी नाही. दार लावून घे, शेजारी जा.

तिने फोन ठेवला.

१६ ऑक्टोबर

पुन्हा लावला. हमरोनेच उचलला. माझ्या आवाजात. म्हणाला, रागावू नका ताई. माझी आई गेली, घर पाडलं. मला जायला जागा कुठे होती? तुमच्या आईला काही करणार नाही. पुलाव फार चांगला करते.

मागून आईचा आवाज आला. मुअत्तर, चहा निवतोय —

किती लाडाने हाक मारली. मला. त्याला.

माझी खोली आवरून ठेवलीय. कट्ट्यावर बसले तर कुणी उठ म्हणत नाही. अका मी तिथे नसल्यासारखे माझ्या अंगावरून गेले, नजर वर केली नाही. माझ्या रोटीखाली आता नाव लावलंय. ताश्कंदची मुअत्तर.

मी तोडून खायला गेले. हात पोचत नाही. खिळा तिथेच, मी इथेच, आणि हात —

१७ ऑक्टोबर

नवी पाहुणी. झुल्फिया, समरकंदची, मासिकवालीच. भिंत पाहून हरखली. अकांना हसत सांगतेय की निघताना लेकीनेच घास घ्यायला लावला. सहा वर्षांची आहे म्हणे. रोटीवर पहारा देऊन बसलीय.

अकांच्या हातात गरम रोटी. तेच शब्द, माणसाशिवाय फोटो —

तिच्या कानाशी किंचाळले, नको घेऊस. तिने केस सारखे केले, एवढंच.

घेतला घास.

भूक लागलीय. अशी भूक कधी —

माझ्या खिळ्यावर काही नाही. खाली चुरा.

आई, मी तुझ्याकडेच यायला निघाले होते गं. तुझ्याकडेच. पाय माझं ऐकत नाहीत. हा जिना आमचा नाही. हे दार आमचं नाही. आत खिळ्याला रोटी, खाली छोटंसं स्टूल. स्टुलावरून कुणीतरी उडी मारली. धावत येतंय. मी तिला सांगते, दार लाव, बाळा, मी तुझी —

आई आली, म्हणतेय. आई आ