स्टेरिंगला गुंडाळलेली तार

तार कुंपणाला बांधायची असते, गाडीच्या स्टेरिंगच्या दांड्याला न्हाई. इतकी वर्षं हे तोंडाशी आलं आन् गिळलं, म्हणून आज आधी तेच लिहिते. आण्णा, मी तुमची थोरली. चौथीतनं काढून शेरडांमागं धाडलंत, तवा अक्षर असंच असणार. लावून वाचा.

पिरंगुटला आमचा गोठा आता रिकामा हाय. त्यात माझी नात, म्हणजे तुमची पणती, कॉलेजातली पोरं गोळा करून गाडी बांधते. दारं न्हाईत, टप न्हाई, नुसता नळ्यांचा पिंजरा. दगडधोंड्यांतनं शर्यत लावायची म्हणे. चाकं आन् स्टेरिंगचं काम हिच्याकडं. एकदा भाकरी थापताना मी म्हणलं, "त्यात काय एवढं? हातातलं चाक फिरवलं की गाडी फिरती." तर हिनं माझी पळी आन् उलथनं उचललं, दोन्ही जोडीनं धरून वर-खाली हलवलं. "आज्जी, चाक दगडावर चढलं की या दांड्यावर ते वर उचललं जातं, आणि हा दांडा त्याला वळवतो. दोन्ही एका चालीनं हलले पाहिजेत. नाहीतर चाक उचललं की आपणहून तोंड फिरवतं. आपण सरळ चाललोय आणि गाडी निघाली दरीकडं." ती सहज बोलली. माझी भाकरी तव्यावर करपली.

तुमच्या मरणाची घरात एकच गोष्ट सांगतात. घाटातल्या वळणावरच्या देवाला त्या साली कोंबडं दिलं न्हाई, देव कोपला आन् जीप दरीत गेली. आईनं मरेस्तोवर दर साल तितं कोंबडं दिलं, तिच्यामागं मी देते. पण त्या दिवशी मी उंबऱ्यात बसलेली. तुमी जीपखाली उताणे पडलाय, दांड्याचं टोक ढिलं झालंय, त्याला तार गुंडाळताय. आई म्हणते, "मिस्त्रीला दाखवा की." तुमी म्हणताय, "बाजारादिवशी दावू. आज दूध नासंल." मग चाकाखाली लिंबू ठेवलंत, चिरडलंत, आन् माझ्या धाकट्या भावाला दुधाच्या कॅनवर बसवून घेऊन गेलात. त्याला अजून शाळेतसुदिक घातला नव्हता. तुमच्या जिवाचे तुमी मालक होता. त्याच्या जिवाचे मालक तुमाला कुणी केलं?

गेल्या आठवड्यात माळावर गाडी पळवून बघितली. स्टेरिंगच्या दांड्याचा जोड तडकला, चाक बाहेर फिरलं, गाडी बांधावर आदळली. चालवणाऱ्या पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. शर्यत तोंडावर आलेली. नात म्हणाली, आता मी चालवते. बाकीची पोरं म्हणाली, "नवीन जोड यायला वेळ लागेल. वेल्डिंग मारू, एवढी एक शर्यत निघेल." ही गप. तिचं ते गप बसणं मी वळखलं. व्हय म्हणायच्या आधी तुमीबी असेच गप बसायचात. तेवढ्यात माझा लेक म्हणतो, "घाटात कोंबडं देऊन येऊ, काय होत न्हाई."

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "कोंबड्याची मान कशाला मुरगाळतोस? तार होती, तार." सगळं सांगितलं, पोरांच्या देखत. लेक म्हणाला, "आये, मेलेल्या माणसाला काय बोलतीस?" म्हणलं, "जित्ते होते तवा कुणी बोललं असतं, तर तुला मामा असता."

पोरगी उठली. तडकलेला दांडा उचलला आन् भंगारात टाकला. पोरं तोंडं पाडून गेली. एक जण तर म्हणाला, तुझ्या आज्जीपायी वर्ष गेलं. जाऊ दे, वर्षच गेलं. सांजेला ती माझ्याशेजारी येऊन बसली. "आज्जी, तुला ठाऊक होतं ना? मग इतकी वर्षं कोंबडं कशाला दिलंस?"

मी तिला दिवा लावायला आत धाडलं. ती आत गेल्यावर मी गोठ्यात गेले आन् गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून आले. गाडी ठोकळ्यांवर चढवलीय, चाक भुईला टेकतबी न्हाई. तरी ठेवलं.

ही चिट्ठी कुटं धाडायची न्हाई, सकाळी चुलीत जाईल. पण पोरीनं इचारलंय, त्याचं उत्तर मी देणार न्हाई. आईवर टाकायचं न्हाई, तिनं लई कोंबडी दिली. देवावरबी ढकलायचं न्हाई. तुमी द्यायचं.