कोऱ्या प्लेटी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मागच्या महिन्यात हे गेले. तेराव्यानंतर तुमच्या गॅरेजातले मिस्त्री भेटायला आले. फार थकलेत, काठी टेकत आले, दारातल्या खुर्चीवर बसून चहा घेतला आणि ह्यांचं कौतुक करता करता एक गोष्ट सांगून गेले. त्यांना वाटलं, ती मला ठाऊकच असणार. मला ठाऊक नव्हती.

तुमचं गॅरेज म्हणजे पुण्याच्या रस्त्याला, पनवेल संपता संपता टाकलेली पत्र्याची शेड. घाटाकडे जाणाऱ्या लॉऱ्या तिथे थांबायच्या, पाणी भरायच्या, ब्रेक बघून घ्यायच्या. लढाईच्या दिवसांत मिलिटरीच्या गाड्यांखाली आडवं पडून तुम्ही काम शिकलात, पण पनवेलात तुमचं नाव झालं ते गाड्या खोलण्यामुळे नव्हे, न खोलण्यामुळे. ड्रायव्हर घाबराघुबरा होऊन यायचा, गिअरबॉक्स गेला म्हणायचा. तुम्ही त्याला बिडी द्यायचात, त्याच्या गाडीतून एक चक्कर मारून यायचात, मग तेल मोजायची पट्टी काढून नाकाशी धरायचात. 'काय नाय झालाय. तेल घाल नि नीघ.' आई गेल्यापासून दुपारचा डबा मीच आणायची, तर मलाही वास घ्यायला लावायचात. 'बघ बाय, जलका वास येतो? तेल कालं झालाय? नाय ना? मंग पान्याला हात लावायचा नाय.' घरी आलेल्या पाहुण्यांना मी अभिमानाने सांगायची, आमचे बाबा नाकाने गाड्या बऱ्या करतात.

लग्नानंतर ह्यांनी मिठागरातला आपला वाटा भावांना देऊन टाकला आणि ती अमेरिकन गाडी घेतली. मुंबईचा कुणी साहेब देश सोडून चालला होता, त्याची. तोवर हे दुसऱ्यांच्या लॉऱ्या चालवत होते. स्वतःची टॅक्सी हे त्यांचं एकच वेड. त्या गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. तुम्ही तिच्याभोवती फिरून हसलात. 'क्लच नाय? म्हंजे डाव्या पायानी काय करायचा, ताल धरायचा?' करंजा बंदरातल्या कोळणी लग्नाला हीच गाडी हवी म्हणून अडून बसायच्या. एकदा मीही पुढच्या सीटवर बसून उरणला गेले, केसांत अबोली माळून, आणि वाटेत कुणी ओळखीचं दिसावं म्हणून सारखी बाहेर बघत होते. कुणी म्हणून दिसलं नाही मेलं.

दुसऱ्या वर्षी गाडी घसरायला लागली. म्हणजे इंजिन ओरडायचं, पण गाडी ओढायची नाही. सरळ रस्त्यावर बरी चालायची. वळण आलं, चढ आला, की नुसती बोंब. हे ती तुमच्याकडे घेऊन आले. आणखी कुणाकडे नेणार? तुम्ही इंजिन बंद केलंत आणि लॉरीला बघता तशी पट्टी काढून बघितलीत. तेल खुणेच्याही वर. 'तेल भरपूर हाय. म्हंजे आतल्या गिअर धरणाऱ्या प्लेटी गेल्या,' म्हणालात, आणि जन्मभर दुसऱ्यांना जे करू दिलं नाहीत ते केलंत. गिअरबॉक्स उतरवलात.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी तुमचा डबा घेऊन आत येते, लग्नानंतरही तो मीच आणायची. जमिनीवर गोणपाट पसरलेलं, त्यावर स्प्रिंगा, लोखंडी गोळ्या, चकत्या, कशाचं काय ते कळू नये इतकं सामान. एका बाजूला काळ्या ठिक्कर पडलेल्या दोन प्लेटी. हे तुमच्या पाठोपाठ आत येतात. तुम्ही त्यांच्याकडे न बघता बोलता. 'जावयबापू, घाटात पाय दाबून दाबून जालल्यात तुमी. बघ बाय, कोलसा झालाय.' हे खाली बसतात, एक प्लेट हातात घेतात, उलटीसुलटी करतात, आणि होती तिथे ठेवून देतात. 'असंल,' म्हणतात. तेवढंच.

ती गाडी पुन्हा जुळलीच नाही. शेडच्या मागे उभी राहिली, कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, शेवटी भंगारवाल्याने तुकडे करून नेली. हे पुन्हा दुसऱ्यांच्या लॉऱ्यांवर गेले ते हातपाय थकेपर्यंत. आणि मी? घरात काही कमी पडलं, जराशी खटकाखटकी झाली, की माझ्या तोंडी ठरलेलं वाक्य असायचं: हाताने गाडी जाळलीत, आता भोगा. तुमच्या शब्दावर बोलत होते मी, बाबा. हे ऐकून घ्यायचे आणि चप्पल घालून बाहेर जायचे. मला वाटायचं, चोराला बोलायला तोंड कुठलं!

मिस्त्री काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. 'बेटी, तुझा नवरा बडा दिलदार. दुसरा असता तर सासऱ्याची इज्जत रस्त्यावर काढली असती. त्या गाडीच्या प्लेटी तर कोऱ्या निघाल्या होत्या ना! आम्ही बघत बसलो, बिघडलंय काय? तेवढ्यात मुंबईचा एक ड्रायव्हर पाणी भरायला थांबला. बोलला, हिला खोलली कशाला? हिचं तेल इंजिन गरम करून, चालू ठेवून बघतात. बंद केलं की तेल खाली उतरतं, कमी असलं तरी पट्टीवर जास्ती दिसतं. वळणावर घसरते म्हणजे तेल कमी, दुसरं काय? तुझे बाबा लगेच ती जोडायला बसले. पण परत जोडायची कशी, ते आम्हा दोघांनाही कळेना. मग मला बोलले, लॉरीच्या त्या जुन्या जळक्या प्लेटी इकडे आण.'

मी मिस्त्रींना खोटं पाडायला निघाले होते. पण मग मला माझं लुगडं आठवलं. त्या दिवशी गोणपाटावरून जाताना काठाला तेल लागलं होतं, आणि ते लालभडक होतं, स्वच्छ. घरी मी घासून घासून धुतलं. काळं नव्हतं, जळका वास नव्हता. तुम्हीच शिकवलं होतंत की मला! पण बाप समोर उभा राहून सांगत असताना कोण वास घेत बसतं?

तुम्ही चुकलात त्याचा मला राग नाही. तसली गाडी पनवेलात कुणी पाहिली होती? 'मला हिच्यातलं कळत नाय' एवढं म्हणाला असतात तर हे तिला ढकलत मुंबईला घेऊन गेले असते. पण तुम्हाला तुमचं नाव राखायचं होतं, म्हणून तुम्ही माझ्या नवऱ्याच्या नावाला काळं फासलंत आणि त्याला साक्षीला मला उभं केलंत. बघ बाय, म्हणालात. परक्याला फसवलं असतंत तर मी तुमची बाजू घेतली असती. मलाच फसवलंत, बाबा, आणि नंतर किती दिवाळ्यांना माझ्या हातचं जेवलात.

ह्यांनी लॉरीची प्लेट हातात घेतल्याबरोबर ओळखली होती. टॅक्सीआधी सगळी वर्षं लॉऱ्यांवरच गेली होती त्यांची. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, बोललास का नाहीस? तर हे म्हणाले, 'मिस्त्री, तिला आई नाय. बापूस तेवढा हाय. त्याला मी खोटा पाडला तर ती म्हायेराला जाईल कुठं?'

मिस्त्री हे सांगून चहा संपवून निघून गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. आणि खरं सांगायचं तर मी कागद घेतला होता ह्यांना लिहायला. दोन दिवस समोर ठेवून बसले, पहिली ओळ होईना. मग वर 'बाबा' लिहिलं आणि हात चालू लागला. तुमच्यावर रागवायला तरी मला तोंड आहे.