उतरवलेल्या तारा

४ मार्च, सोमवार

तार तुटली. गालावर सपकन बसली, डोळा थोडक्यात वाचला. चूक माझीच. मोबाईलवरचा तो गिटार शिकवणारा म्हातारा सांगत गेला आणि मी शहाण्यासारखा तारा ताणून चढवत गेलो – त्याच्या नव्या कोऱ्या, माझ्या गंजलेल्या. चौथी खाडकन गेली.

बायको आतून म्हणाली, "आता डोळाही घालवा. बोटं तर झालीच."

जानेवारीत कारखान्यातल्या रंधा मशीनने डाव्या हाताची करंगळी अर्धी नेली. तिच्या शेजारचं बोट राहिलं, पण वाकत नाही. कपाटाची दारं बनवायला तेवढ्यावर भागतं, मालकाने परत कामावर घेतलंय. पण गिटार? दोन बोटांत तीन-चार सुरांची कॉर्ड धरायची कशी? म्हातारा म्हणतो, तारा वेगळ्या सुरांत लावून घ्या. मग एकही बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी पूर्ण कॉर्ड वाजते, आणि एक बोट आडवं टाकून वर-खाली सरकवलं की बाकीच्या. ओपन ट्यूनिंग. इतकी वर्षं वाजवतोय, नाव ऐकून होतो, वाटेला कधी गेलो नाही. अडला हरी!

५ मार्च, मंगळवार

नव्या तारा आणल्या. या वेळी ताणून चढवायच्या नाहीत, सैल करून उतरवायच्या.

७ मार्च, गुरुवार

जमलं. सहापैकी चार तारा सैल केल्या, दोन तशाच ठेवल्या. अंगठा फिरवला आणि खोली भरून गेली. पोट ज्या लाकडाला टेकवून बसतो ते लाकूडच वाजत होतं. मग पहिलं बोट आडवं टाकून सरकवलं – दुसरी कॉर्ड, तिसरी! बायको भांडी घासता घासता थांबली. बोलली काहीच नाही. तिचं न बोलणं म्हणजे आमच्या घरात बक्षीस.

ताईला एवढ्यात सांगायचं नाही. आधी हात बसू दे. हॉटेलात शनिवार संध्याकाळी ती गाते आणि मी वाजवतो, असं कित्येक वर्षं चाललंय. मी दुसऱ्या कोणाबरोबर कधी वाजवलेलंच नाही. गिटार हातात दिली तीही तिनेच.

८ मार्च, शुक्रवार

हॉटेलच्या मॅनेजरला भेटलो. म्हणाला, "महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत थांबतो. नाहीतर कोपऱ्यात टीव्ही लावतो, लोक मॅच बघतील." वर म्हणे, "पण तुम्ही लोक नवीन माणूस बघताय ना? ताईंनी विचारलं होतं मला, ओळखीत कोणी चांगलं आहे का म्हणून."

मी हो हो केलं. हसलोसुद्धा. बाहेर येऊन स्कूटरची किल्ली खिशात शोधत बसलो, ती हातातच होती.

९ मार्च, शनिवार

नवीन माणूस.

दिवसभर कामात लक्ष नाही. कपाटाच्या दाराला उलट्या बाजूने बिजागरी ठोकली. मालक म्हणाला, "हे उघडणार कसं, भिंतीतून?" सगळे हसले. मीही हसलो, पण डोक्यात तेच. दवाखान्यात ताई माझ्या उशाशी बसून होती. माझा हात मांडीवर घेऊन. तेव्हाही हेच मनात होतं का तिच्या? शोध ना नवीन, तुझं चुकत नाही. पण तोंडाने सांग. सख्खी बहीण असून मॅनेजरकडून कळावं? राग येतो आणि रागापेक्षा भीती जास्त.

११ मार्च, सोमवार

नवीन पीडा. या ट्यूनिंगमध्ये सगळं आनंदी वाजतं! बोट कुठेही टाका, मेजर कॉर्ड. उदास मायनर कॉर्ड निघतच नाही. आणि ताईचं मुख्य गाणं कुठलं, तर खिडकीतल्या बाईचं – वाट बघत उभी असते, कोणी येत नाही. माझ्या बोटाखाली ते असं वाजतं की तो तर आलाच, वर चार पाहुणेही घेऊन आला. बायको ऐकून म्हणाली, "अहो, मग ही बाई रडतेय कशाला?"

गिटार कोपऱ्यात उभी करून ठेवली. थोड्या वेळाने परत घेतली. परत ठेवली.

१३ मार्च, बुधवार

न राहवून ताईकडे गेलो. "तालीम करू या का?" म्हटलं. गरम पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. "बघू रे. आत्ता नको, घसा बसलाय." आजकाल हिचा घसा कायम बसलेला. बहाणे कळतात मला. नवीन कोणी मिळालं का, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. तिने माझ्या बोटांकडे बघितलं आणि उठून खिडकी लावली. वारा नव्हता.

१६ मार्च, शनिवार

तिसरी तार! फक्त तिसरी तार आणखी अर्धा सूर खाली. एवढंच होतं. आता बोट न ठेवता उदास वाजतं, आणि मधलं बोट गिटारच्या दांडीवरच्या एका पट्टीने पुढे त्याच तारेवर ठेवलं की आनंदी. पहिलं बोट आडवं, मधलं तिसऱ्या तारेवर – मशीनने माझी नेमकी हीच दोन शाबूत ठेवली आहेत. खिडकीतली बाई पुन्हा रडायला लागली. बायको म्हणाली, "हां, आता खरी."

इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

१८ मार्च, सोमवार

आनंद टिकेल तर शपथ. तारा उतरवल्या म्हणजे गाणंही उतरलं, पूर्ण एक सूर खाली. ताई कशी ऐकेल? त्या गाण्यातला शेवटचा उंच सूर म्हणजे तिची शान. तिथे पोचताना ती दोन्ही टाचा उचलते, चपलांमधून पाय वर येतात, आणि लोक टाळ्या त्यालाच वाजवतात. तिला कुठल्या तोंडाने सांगू, माझ्या दोन बोटांसाठी तू खाली ये? म्हणेल, नवीन माणूस आहे की.

तारा परत चढवाव्यात तर नव्याही तुटायच्या. आणि दांडीवर दोन पट्ट्या वर सरकून वाजवावं, तर सगळं गाणं बोट आडवं दाबून धरण्याइतका दम या हातात नाही.

२१ मार्च, गुरुवार

ताईला फोन केला. रविवारी ये म्हटलं, काहीतरी दाखवायचंय. म्हणाली, "मलाही बोलायचंय तुझ्याशी." झालं.

२४ मार्च, रविवार

ताई आली. मी तिला बोलूच दिलं नाही. बोलली असती तर संपलं असतं. म्हटलं, "आधी ऐक. एक सूर खाली आहे, या हाताला वर जमत नाही. चालवून घे एवढं." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून वाजवायलाच लागलो.

गायली. आवाज जाड, जवळचा, बाई खिडकीतून निघून आमच्या खोलीत आल्यासारखा. तो सूर आला तेव्हा मी सवयीने तिच्या पायांकडे बघितलं. टाचा जमिनीवर होत्या. सूर लागला.

नंतर ताई रडली. चहाला थांबली नाही. चपला पायात सरकवून निघून गेली. बायको म्हणाली, "तुम्ही काही बोललात का त्यांना?" मी काय बोललो? नको म्हणायचं असेल तर ही काय रीत? हात ठणकतोय. शनिवारी मॅनेजर टीव्ही लावणार.

२५ मार्च, सोमवार

दुपारी ताईचा फोन. मशीन चालू होती, बाहेर येऊन ऐकला. मॅनेजरला तिने विचारलं होतं ते डिसेंबरात. डिसेंबरात माझी दहाही बोटं धड होती. ती माझ्यासाठी गाणारी शोधत होती. वर्ष झालं, तिला वरचा सूर टाचा उचलूनही जेमतेम लागत होता, आणि मला ते सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. "तुझा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा, अरे, मला आधी सुटल्यासारखंच वाटलं," म्हणाली.

शनिवारी आणखी अर्धा सूर उतरवू का, मी विचारलं.

"नको. एवढंच पुरे आहे मला."