उत्तर थोडं जास्तच द्यायचं

रेवदंडा,
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

प्रिय क्रांतीताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे मजेत. पनवेलला तुम्ही सगळे बरे असाल. माझा फोन जरा बिघडलाय, म्हणून पत्र. थंडी छान पडलीय. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो आणि दहा वाजता काढावासा. शेजारच्या नीराबाईंनी अंगणभर बोंबील वाळत घातलेत, त्यामुळे आळीतली सगळी मांजरं सध्या त्यांच्याकडेच मुक्कामाला आहेत. वालाच्या शेंगा अजून भरल्या नाहीत. भरल्या की मडक्यात भरून, शेकोटीवर पोपटी लावू म्हणतेय.

यंदा मला पहिलीचा वर्ग दिलाय. एकोणीस पोरं. इंग्रजीही मीच शिकवते. हसलीस ना? हस.

सुरुवात अर्थातच गुड मॉर्निंगपासून. मी वर्गाच्या दारात उभी राहते. एकेक मूल येतं, मी म्हणते, "गुड मॉर्निंग." त्यानं म्हणायचं, "गुड मॉर्निंग, टीचर," आणि जागेवर जाऊन बसायचं. सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, अशी तीन अभिवादनं शिकवून झाली आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग जुनेरानं घोळ घातला. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, वडील कुवेतला, घरी आई आणि दादी. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, जुनेरा." ती एका दमात म्हणाली, "गुड मॉर्निंग गुड आफ्टरनून गुड इव्हिनिंग टीचर!"

मी समजावलं, सकाळी फक्त मॉर्निंग. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिन्ही. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला तर डोळे भरून आले तिचे, पण तिन्हीतलं एकही कमी केलं नाही. हट्टी तर इतकी, की मला तुझीच आठवण झाली.

चौथ्या दिवशी तिची दादी, तैयबाबी, तिला सोडायला आली. मी तक्रार केली तर ती हसायलाच लागली.

"बाई, पोरीची चूक न्हाय. आमच्यात कुनी सलाम केला तर जवाब त्याच्याहून जास्त द्यायचा, हे मीच शिकवलंय तिला. निदान तेवढा तरी. कमी न्हाय. तुमी एक दिलात, तिच्याकडं तीन हायेत, तिनं तिन्ही दिले."

"आणि जवाब दिलाच नाही तर?" मी आपलं विचारलं.

तैयबाबीला तो प्रश्नच कळेना. "असं कसं? सलाम करायचा की न्हाय ही ज्याची त्याची मर्जी. पन केला तर जवाब द्यायलाच लागतो. समोरचा मानूस वाट बघत ऱ्हातो ना."

मी घाईघाईनं हजेरी घ्यायला गेले.

पुढची गंमत ऐक. ही रीत वर्गात साथीसारखी पसरली. कोळीवाड्यातल्या हितेशला जुनेरापेक्षा कमी पडायचं नव्हतं, त्यानं 'हॅपी बर्थडे' जोडलं. केसरनं 'हॅपी दिवाळी' आणलं. कुणी 'थँक्यू', कुणी 'वेलकम'. आता पोरं घरून नवा शब्द शोधून आणतात, उत्तरात घालायला म्हणून. मी एक दिलं की मला सात मिळतात. वर्ग आत येऊन बसेपर्यंत अर्धा तास जातो आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. ताई, इतकी हसले नव्हते गं कित्येक महिन्यांत.

काल केंद्रप्रमुख तपासणीला आले. फार कडक माणूस. दारातूनच म्हणाले, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रेन." एकोणीस पोरं उठली आणि गुड मॉर्निंगपासून हॅपी न्यू इयरपर्यंत सगळं त्यांच्या अंगावर ओतलं. ते थबकले. वर्गही थांबला. कुणी खाली बसेना. शेवटी जुनेरा म्हणाली, "सर, आता तुमची पाळी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पोरांचं सगळं एकेक आठवून परत म्हटलं, वर 'गुड लक' आणि 'गॉड ब्लेस यू'. पोरांनी टाळ्या पिटल्या. जाताना साहेब जिन्यात एकटेच हसत होते.

मी मात्र दाराशी उभी होते आणि मला रडू येत होतं.

ताई, माझा फोन बिघडलेला नाही.

रोज सकाळी सहा दहाला तुझा मेसेज यायचा. कधी सूर्यफूल, कधी चहाचा कप, वर सोनेरी अक्षरांत गुड मॉर्निंग. दोन वर्षं. मी रोज बघायची आणि एकदाही उत्तर दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्या निकेतच्या वाढदिवसाला तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, "आमची दीक्षा इंग्रजी शिकवते, त्या पोरांचं काय होणार कुणास ठाऊक." सगळे हसले. मी केकची बशी तशीच ठेवून निघाले. खूप लागलं होतं मला. लागलं, कारण ते थोडं खरं होतं. पहिलीच्या पुस्तकासाठीसुद्धा मी आदल्या दिवशी उच्चार ऐकून घेते.

तैयबाबीचं ऐकल्यावरही मी दोन आठवडे गप्प बसले. ताठा, दुसरं काय. मग या सोमवारी तुझा मेसेज आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी घाबरून निकेतला फोन केला. तो म्हणाला, "आई ठणठणीत आहे, मावशी. म्हणाली, आता बास झालं."

तेव्हापासून मला रेवसचा धक्का आठवतोय. आपण लाँचची वाट बघत उभ्या असायचो आणि तू मला उतरणाऱ्या पाहुण्यांना गुड मॉर्निंग म्हणायला लावायचीस. माझं पहिलं इंग्रजी ते, तूच शिकवलेलं. कुणी उत्तर न देता पुढे गेला की मला काही वाटायचं नाही. चिडायचीस तू. एकदा तर एका सुटाबुटातल्या माणसाच्या मागे धावलीस, "ओ काका, माझी बहीण काहीतरी म्हणाली तुम्हाला!"

त्या काकांनी निदान मागे वळून उत्तर दिलं होतं.

मेसेजला मेसेज पाठवला असता तर फार कमी पडला असता, म्हणून हे पत्र. मला तुझी आठवण येते, ताई. शेंगा भरल्या की पोपटीला ये. एक दिवस आधी ये आणि सकाळी माझ्या वर्गाच्या दारात उभी राहा. माझे उच्चार चुकले तर सगळ्यांसमोर सांग, चालेल. पण पोरांना गुड मॉर्निंग म्हणण्याआधी तयारी करून ये.

गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून, गुड इव्हिनिंग, हॅपी बर्थडे, हॅपी दिवाळी, थँक्यू, वेलकम, हॅपी न्यू इयर, आणि माझ्याकडून एक जास्तीचं, सॉरी.

ताई, आता तुझी पाळी.

वाट बघत राहिलेली,
तुझी दीक्षा