वीस-पंधरा

४ मे

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीच्या, मुंगीच्या, त्या अर्ध्या तासाचा हिशोब आधी देतो. मोटरी दुरुस्तीचं दुकान दोन दिवस बंद. तेवढ्यात छापखान्याचं जुनं गिऱ्हाईक आपली मोटर उचलून समोरच्याकडे गेलं. तुझा भाचा, आमचा सरदार, जेवायलाही खोलीबाहेर येत नाही. तुझी वहिनी दोन्ही पोरांवर चिडली आहे, म्हणजे माझ्यावर. आणि चषक गेला दुसऱ्या शाळेच्या कपाटात.

प्रश्नमंजुषेचा सामना तुला आठवड्याभराने टीव्हीवर दिसेलच. बरोबर उत्तराला दहा, चुकलं की पाच वजा. त्यामुळे दोन्हीकडची पोरं घंटीला अशी हात लावत होती, जशी गरम इस्तरीला. शेवटच्या प्रश्नाला वीस-वीस! एवढ्या गुणांत आम्हाला मास्तर घरी पाठवायचे. प्रश्न आला, वीज सगळ्यांत चांगली कोणत्या धातूतून वाहते. आपला सरदार कप्तान, त्याने घंटी दाबली आणि तांबं म्हणाला. उत्तर निघालं चांदी. वीस-पंधराने गेलो.

आता मुंगी म्हणते, मी शेजारी बसून त्याला दोनदा चांदी सांगितलं. धडधडीत खोटं. कप्तानाच्या कानात सांगायला दहा सेकंद देतात, ती ओठ शिवून बसली होती. मी पहिल्या रांगेत होतो. चालत्या मोटरीची बेअरिंग कुरकुरली तर मला रस्त्यावरून कळतं, हिचा आवाज कळला नसता? सरदारला विचारलं, ती गप्पच होती ना, त्यानेही मान खाली घालून हो म्हटलं. पोरगा माझ्या शब्दाबाहेर नाही, हे तुला माहीत आहे.

म्हणून तिला तुझ्याकडे पाठवलं. चार वर्षं घरात ठेवली, दोघांत चमच्याचाही फरक केला नाही. तुमच्याकडे पुढे विज्ञान शाखा नाही, हे मी विसरलेलो नाही. शाळा उघडायच्या आत तिने सरदारला माफीचं पत्र लिहावं आणि खुशाल परत यावं.

रागावर जाऊ नकोस, त्याखालच्या मायेवर जा.

तुझा,
दादा

१३ मे

ती. दादास शि. सा. न.

उत्तर मुद्दाम थांबवलं होतं, म्हटलं सामना बघून लिहू. काल बघितला. शेजारचे शिंपीकाका, त्यांची मंडळी, यांच्या ऑफिसातले दोघं, सगळे आमच्याकडे जमले होते. मुंगी आत बटाटे सोलत बसली, बाहेर आली नाही.

दादा, पोरांच्या कॉलरला माइक लावले होते. शेवटच्या प्रश्नाला मुंगी सरदारकडे वाकते आणि चांदी म्हणते. मग पुन्हा, "चांदी रे, ऐक ना." शिंपीकाकांना एका कानाने ऐकू येत नाही, त्यांनाही ते ऐकू आलं. सरदार तिच्याकडे बघतच नाही. तो समोर प्रेक्षकांत बघतो. तेवढ्यात कॅमेराही तिकडे वळला आणि पहिल्या रांगेत तू दिसलास. ओठांनी तांबं म्हणालास आणि मान डोलावलीस. अंगातला हिरवा शर्ट मीच शिवलेला, त्यामुळे माणूस ओळखण्यात चूक नाही. शिंपीकाकांनी विचारलं, हे मधेच कोण? मी म्हटलं, असेल कुणाचा तरी बाप.

मुंगी माफी लिहिणार नाही. हरल्याचं तिला फारसं वाटत नाही. मामाने दुकानातल्या माणसांसमोर खोटारडी म्हटलं, ते तिला गिळवत नाही. ती खरं बोलत होती, एवढी एक ओळ तिला लिही. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवते.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

१९ मे

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. साखर जरा कमी पडली होती. टीव्हीवाल्यांचं काय घेऊन बसलीस? आधी हललेली मान नंतर चिकटवतात. आणि हलली असेल, तर सवयीने हलली. जन्मभर तांब्याची तार गुंडाळली, तिच्यावर हे घर उभं राहिलं, तुझं लग्न झालं. तांब्यासारखं दुसरं नाही, हे दुकानात मी रोज सांगतो, पोरगा तेच ऐकत मोठा झाला. चांदी म्हणे! चांदीच्या तारेने मोटर भरून द्या म्हणत अजून कुणी माझ्या दारात आलेलं नाही.

आता कामाचं. प्रेक्षकांतून उत्तर घेतल्याचा शाळेतल्या बाईंना संशय आहे. तसं ठरलं तर सरदार पुढच्या वर्षी संघात नसेल. मुंगीने बाईंना इतकंच कळवावं, की तो समोरच्या घड्याळाकडे बघत होता. सरदारही तेच सांगेल. मी त्याच्याकडून ते नीट वदवून घेतलं आहे, त्याची काळजी नको. मग माफीबिफी मी सोडून दिली. तिची पुस्तकं जिथल्या तिथे आहेत. घर तिच्याविना मोकळं वाटतं, पण हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

होकार लवकर कळव, वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
दादा

२७ मे

ती. दादास शि. सा. न.

तुझ्या पत्रातलं चांगलं तेवढं मुंगीला वाचून दाखवणार होते, पण तिने ते हातातून घेतलं. सगळं वाचलं. ती एक ओळ शोधत पुन्हा पहिल्या पानावर गेली. मग म्हणाली, "मामाला कळव, घड्याळ आमच्या मागे होतं."

परवा तिने इथे वाणिज्य शाखेला नाव घातलं. विज्ञान सुटलं याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. बोलते ती मी, रात्री यांच्यापाशी. तिची पुस्तकं आता इकडे लागणार नाहीत, कुणा गरजू मुलीला दे. खुशालीचं पत्र टाकत राहीन, पण तिला पाठव असं पुन्हा लिहू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. सरदार काल एकटाच येऊन तिला भेटून गेला. तू त्याच्याकडून ते घड्याळ वदवून घेतलंस, त्याच दुपारी त्याने बाईंना सांगितलं, की मुंगीचं त्याला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं आणि तो बघत होता तुझ्याकडे. संघातून नाव त्याने स्वतःच काढून घेतलं आहे.